तबकडीवाल्यांच्या वायरी

लाँड्रीत सगळे तिला मावशी म्हणत, अगदी तिच्याहून वयाने मोठे असलेलेही. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातली लाँड्री होती ती. वॉर्डातल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले गाठोडी बांधून खाली यायचे, धुतले जायचे आणि शेवटी मावशीच्या गरम रोलरखालून कडक, सपाट होऊन बाहेर पडायचे. दिवसभर वाफेत उभं राहायचं काम. संध्याकाळी जिना चढून रस्त्यावर येईपर्यंत तिचे गुडघे कुरकुरायला लागलेले असायचे, आणि घरी पोचल्यावर तर खरी दुसरी पाळी सुरू व्हायची.

घरी नवरा होता. त्यांना लोक तबकडीवाले म्हणत. दिवसा ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, पण ती त्यांची ओळख नव्हती. शनिवार-रविवारी कुणाच्या हॉलमध्ये पार्टी असो, स्केटिंग रिंकवर मुलांची धमाल असो, तबकड्या फिरवणारे दोन टर्नटेबल आणि मिक्सर गाडीत घालून ते निघायचे. लग्न ठरलं तेव्हा मुलाकडे स्वतःचा मिक्सर आहे हे ऐकून मावशीची आई खूश झाली होती. तिला वाटलं, मुलगा स्वयंपाकघरात लक्ष घालतो. हा मिक्सर गाण्यांत गाणी मिसळण्याचा आहे हे कळल्यावर तिने नुसतंच "असू दे" म्हटलं. मावशीचंही तेच झालं. तिला त्या धडधडाटात कधी गोडी वाटली नाही. तिने असू दिलं.

पुढे तबकड्यांचे दिवस संपले. गाणी लॅपटॉपमध्ये आली, तरी तबकडीवाल्यांनी टर्नटेबल सोडले नाहीत. त्यांनी दोन खास तबकड्या आणल्या. त्यांच्यावर गाणं नव्हतंच, नुसती एक किरकिर भरलेली होती. सुई ती किरकिर वाचायची, मधली एक छोटी पेटी ती लॅपटॉपला पोचवायची, आणि तबकडी हाताने पुढे-मागे केली की लॅपटॉपमधलं गाणं तसंच पुढे-मागे व्हायचं. मावशीने एकदा विचारलं होतं, "गाणं आतच नाही, तर मग ती फिरवायची कशाला? बटणं आहेत की."

"हाताला कळायला नको?" असं म्हणून ते पुन्हा हेडफोन घालून बसले होते.

तोच हात गेला. चष्म्याच्या दुकानात काच घासता घासता ते खुर्चीवरून कलंडले. अर्धांगवायू. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालावं लागलं आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळं गेलं नाही, एकच शब्द मागे राहिला. "बरोबर."

डॉक्टरांनी नाव विचारलं, बरोबर. दुखतंय का, बरोबर. खोकल्याचं औषध तोंडातून थुंकताना बरोबर, आणि आंघोळीचं पाणी गार लागलं की ओरडून बरोबर! डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, फक्त शब्द काढायला जातात तेव्हा हाती हाच लागतो. मावशी मग शब्दाकडे लक्ष देईनाशी झाली. आवाज कसा आहे, भुवया कुठे आहेत, यावरून ती अंदाज बांधायची. कधी जमायचा, कधी चुकायचा. चुकला की ते डाव्या हाताने पांघरूण फेकायचे आणि ती ते उचलायची.

हॉस्पिटलची लोखंडी कॉट घरी आली तेव्हा ती ठेवायला मागच्या खोलीशिवाय जागा नव्हती, कारण संडास-बाथरूम तिथून जवळ. तबकडीवाल्यांचं सगळं सामान त्याच खोलीत मांडलेलं. कॉट पोचवणारी माणसं दारात खोळंबलेली, तेव्हा मावशीने दिसेल ती वायर उपटली, सगळ्या एका अभ्र्यात कोंबल्या आणि टर्नटेबल कपाटावर चढवले. कुठली वायर कुठली हे बघायला तेव्हा सवड होती कुणाला?

दिवस गेले, महिने गेले. मावशी कामावर असेपर्यंत एक बाई त्यांच्या सोबतीला बसायची. मावशी आली की बाई चपला घालायची. मग व्यायाम, मालीश, जेवण, औषधं, शर्टाची बटणं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ती मेल्यासारखी झोपायची. रडायला तिच्याकडे वेळ नव्हता; रडायचे ते. आजारपणात असं होतं म्हणे, टीव्हीवर कुत्र्याचं पिल्लू दिसलं तरी त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं.

आठवड्यातून एकदा बोलायला शिकवणारी एक मुलगी यायची. मुलगी म्हणजे शिकलेली, पदवीवाली, पण मावशीच्या लेकीपेक्षा लहान. ती चित्रांचे पत्ते दाखवायची. कप. कंगवा. छत्री. तबकडीवाले एकेका पत्त्याला "बरोबर" म्हणायचे आणि एक दिवस कंगव्याचा पत्ता त्यांनी तिच्या अंगावरच फेकला.

ती रागावली नाही. जाताना दारात मावशीला म्हणाली, "कंटाळलेत हो ते. यांना आवडायचं काय? कशात रमायचे?"

"ती डबडी होती ना," मावशीने मान कपाटाकडे वळवली. "तबकड्या फिरवायचे."

"मग लावून द्या की."

"मी?" मावशी म्हणाली. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

पण मुलगी गेल्यावर तिने मागे पाहिलं, तर तबकडीवाले कॉटवर ताठ बसले होते आणि कपाटाच्या वर बघत होते. आता आली का पंचाईत, असं मनात म्हणत तिने स्टूल ओढलं.

रविवारी दुपारी तिने टेबल कॉटशेजारी सरकवलं, टर्नटेबल पुसून ठेवले आणि अभ्रा उलटा केला. वायरींचं नुसतं गुंतवळ बाहेर पडलं. दुसऱ्या गावी नोकरीला असलेल्या लेकीला फोन लावून तो स्पीकरवर टाकला.

"आई, लाल आणि पांढऱ्या पिना दिसतायत का?"

"लालही आहेत, पांढऱ्याही आहेत. काळ्याही आहेत."

"काळ्यांना हात लावू नकोस. लाल-पांढऱ्या टर्नटेबलमधून येतायत ना? त्या पेटीत घाल. आणि बाबा काय म्हणतायत?"

"ते काय म्हणणार? बरोबर म्हणतायत."

"बरोबर!" तबकडीवाले ओरडले. सूर अजिबात बरोबरचा नव्हता. मावशीने पिना काढल्या, पेटीच्या दुसऱ्या भोकांत घातल्या. ते गप्प झाले. म्हणजे आता जमलं होतं. अशा रीतीने एकेक पीन लावत तिने पेटी मिक्सरला जोडली, मिक्सर स्पीकरला आणि पेटीची चपट्या तोंडाची वायर लॅपटॉपला. कंबर मोडून आली. लॅपटॉप कितीतरी दिवसांनी उघडला होता, तो उठायलाच तयार नव्हता.

"काय दिसतंय?" लेकीने विचारलं.

"अपडेट करू का, विचारतोय."

"आई, कशावरही हो म्हणू नकोस!"

"म्हटलं."

फोनमधून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, "बरं. होऊ दे आता. तोवर स्पीकर तर लावून बघ."

मावशीने मिक्सरचं बटण दाबलं आणि आवाजाची कळ हळूच वर सरकवली. स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज निघाला. एखादा भलामोठा भुंगा खोलीत शिरावा आणि दार सापडू नये, तसा. कळ वर केली की भुंगा मोठा व्हायचा. तिने पिना दाबून पाहिल्या, काढून फुंकर मारून पुन्हा लावल्या. घुंऽऽ चालूच.

तबकडीवाले डाव्या हाताने जमिनीकडे बोट दाखवायला लागले. "बरोबर. बरोबर!"

"काय पडलं?" ती वाकली. टेबलाखाली काही नव्हतं. तिने चटई उचलून पाहिली. त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा जमिनीकडे बोट केलं.

"खाली बसायचंय? नाही? मग स्पीकर खाली ठेवू?" तिने स्पीकर जमिनीवर ठेवला. भुंगा आता जमिनीवरून गुणगुणायला लागला. "चप्पल? बाथरूम? अहो, काय हवंय काय तुम्हाला?"

त्यांनी कॉटच्या कठड्यावर मूठ आपटली. बोट पुन्हा जमिनीकडे. डोळ्यांत पाणी.

आता मावशीचा धीर सुटला. तिने मिक्सर बंद केला. "मला नाही कळत तुमचं! आठवडाभर मी तिथे लोकांच्या चादरी दाबते. एक रविवार मिळतो. मला नाही येत हे, नाही आवडत, कधीच आवडलं नव्हतं!" एवढं बोलून तिने जवळची चादर ओढून त्या सगळ्या पसाऱ्यावर टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन गार फरशीवर आडवी झाली. फोन मागच्या खोलीत तसाच चालू होता. लेकीने दोनदा "आई?" केलं आणि मग ठेवून दिला.

चादर दोन-चार दिवस तशीच राहिली. दोघांपैकी कुणीच तिचा विषय काढला नाही, आणि एकाला तर काढताही आला नसता.

त्याच आठवड्यात लाँड्रीतला रोलर मावशीला झिणझिण्या द्यायला लागला. ओली चादर आत सारताना हाताला मुंग्या यायच्या. शेजारच्या मशीनवरची पोरगी म्हणाली, तुम्हाला भास होतोय. मग तिलाही बसला झटका, तेव्हा वायरमनला बोलावणं गेलं. तो आला, रोलरमागे उकिडवा बसला आणि लगेच हसला.

"मावशी, अर्थिंग निघालंय तुमचं."

"म्हणजे?"

"ही हिरवी तार. मशीनमध्ये जास्तीचं काही फिरत असलं की ती ते खाली नेऊन जमिनीत सोडते. ही सुटली म्हणून तुम्हाला मुंग्या. रेडिओ-बिडिओ असता तर गुणगुणला असता."

मावशी हातातली चादर तशीच धरून उभी राहिली. "जमिनीत," ती म्हणाली.

"हो, जमिनीत. अर्थ म्हणजे इंग्रजीत जमीनच की."

उरलेला दिवस तिला सरता सरेना. घरी येऊन तिने पिशवी ठेवली, सोबतीच्या बाईला निरोप दिला आणि हातपायही न धुता मागच्या खोलीत गेली. चादर काढली. टर्नटेबल उचलून मागून पाहिला. लाल-पांढऱ्या पिनांसोबत आणखी एक बारीक काळी तार लोंबत होती, टोकाला चिमट्यासारखा पत्रा. लेकीने हात लावू नकोस सांगितलेली. दुसऱ्या टर्नटेबललाही तशीच.

"ही?" तिने तार वर धरली. "हीच जमिनीची?"

तबकडीवाल्यांनी मान डोलावली. त्यांनी पेटीच्या मागे बोट नेलं. तिथे एक छोटा पितळी स्क्रू होता, तो तिने आजवर पाहिलाच नव्हता. बोटांनी सैल करून तिने दोन्ही तारा त्यात अडकवल्या आणि घट्ट पिळला. मिक्सर सुरू केला. कळ वर, आणखी वर. आवाज नाही. खोलीत इतकं शांत झालं की बाहेरच्या रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली.

ते रडायला लागले. कुत्र्याचं पिल्लू बघूनही ते रडत असल्यामुळे तिने त्याचं फार काही मानलं नाही, पण पदराने त्यांचे डोळे पुसले. "आधीच तार दाखवायची होती," ती म्हणाली. "जमीन काय दाखवताय?" टर्नटेबलची मागची बाजू कॉटवरून त्यांना दिसत नव्हती, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

गाणं मात्र अजून लागत नव्हतं. अपडेटनंतर लॅपटॉपने त्या जुन्या पेटीला ओळख द्यायचंच सोडलं होतं.

"ड्रायव्हर टाकावा लागेल," लेक फोनवर म्हणाली.

"आता ड्रायव्हर कुठून आणू मी?"

लेक हसली. कितीतरी दिवसांनी मावशीने तिचं हसणं ऐकलं. "तू काही आणू नकोस, तो प्रोग्रॅम असतो. मी इथूनच लॅपटॉप हाती घेते. फक्त पडद्यावर येईल तो नंबर मला वाचून दाखव." मग पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. खिडक्या उघडल्या, मिटल्या. तबकडीवाले भूत पाहिल्यासारखे त्या बाणाकडे बघत राहिले. "तुमची लेक आहे ती," मावशीने सांगितलं. त्यांनी पडद्याजवळ डावा हात नेला आणि बाणावर बोट ठेवलं.

ड्रायव्हर बसला. पडद्यावर दोन हिरवी वर्तुळं उमटली. मावशीने त्यांनी दाखवलेली तबकडी ठेवली, सुई खाली सोडली, आणि स्पीकरमधून गाणं आलं ते उलटं. तबकडी सरळ फिरत होती, पण गाणारी बाई शब्द बाहेर काढण्याऐवजी गिळत होती.

आणि तबकडीवाले हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. तोंड एका बाजूला जाऊन, खांदे हलवत हसले. मावशीला आधी राग आला आणि मग तिलाही आवरेना. त्या गिळणाऱ्या बाईच्या साथीने दोघं हसत बसले. मग त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं वर करून एकमेकांवरून फिरवली. पहिलं इकडे, दुसरं तिकडे.

"अदलाबदल?" ती म्हणाली. "लाल पांढऱ्याच्या जागी?"

तिने पिना बदलल्या. बाई सरळ गायला लागली.

सेट लागला, पण तबकडीवाल्यांचा हात काही लागेना. एक गाणं चालू असताना दुसरं त्याच्या चालीला आणायचं आणि मधली कळ सरकवून एकातून दुसऱ्यात जायचं, एवढंच तर ते आयुष्यभर करत आले होते. त्याला दोन हात लागतात. डावा तबकडीवर ठेवला तर कळ सरकवायला कुणी नाही. त्यांनी उजवा हात डाव्याने उचलून कळीवर ठेवला. तो तिथेच पडून राहिला. दोन्ही गाणी एकमेकांच्या पायांत पाय घालून पळत होती. ती तशीच चालू ठेवून ते खिडकीकडे तोंड करून बसले. "बरोबर," ते हळूच म्हणाले. ते मावशीला पहिल्या झटक्यात कळलं. संपलं, असं म्हणत होते.

मावशीला स्वयंपाक करायचा होता. धुणं भिजत पडलं होतं. तिने एक उसासा सोडला, स्टूल टेबलाजवळ ओढलं आणि त्यांचा उजवा हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. मग स्वतःचं बोट कळीवर ठेवलं.

"सांगा कधी ते."

ते खिडकीकडून वळले. मग डावा हात तबकडीवर गेला. बोटाने जरासं अडवलं, जरासं ढकललं. दुसरं गाणं धडपडत, ठेचकाळत पहिल्याच्या बरोबरीने चालायला लागलं. त्यांनी हनुवटी उचलली. तिने कळ सरकवली, फार लवकर. पुन्हा. आता उशिरा. पुन्हा. ती चिडली, तेही चिडले. कितव्यांदा तरी हनुवटी वर यायच्या आधी त्यांची मान डोलायला लागली आणि तोंडातून आवाज आला.

"एक, दोन, तीन, चार."

मावशीचं बोट कळीवरच थिजलं.

"एक, दोन, तीन, चार," ते पुन्हा म्हणाले, आणि स्वतःच दचकून तोंडावर हात नेला.

बोलायला शिकवणाऱ्या मुलीला तिने धापा टाकत फोन केला. मुलगी खूश झाली, पण जपून बोलली. मोजणं, वार, पाठ झालेल्या गोष्टी वेगळ्या वाटेने येतात, म्हणाली. शब्द परत आले असं समजू नका. पण त्या वाटेने आणखी काही आणता येतं का बघू.

तेव्हापासून पत्ते गेले आणि मुलगी टर्नटेबलशेजारी बसायला लागली. ठेका लावायचा आणि त्या चार ठोक्यांवर शब्द बसवायचे. "पा-णी दे गं." "चा-दर काढ." आठवडेच्या आठवडे. "पाणी दे" आलं. "नको" आलं, ते तर फारच पक्कं आलं. मग दिवसभर नको, नको, नको. लेकीचं नाव त्यांना काही येईना. तिच्या नावात जोडाक्षर होतं, तिथे जीभ अडायची. लेक म्हणाली, मला बाळ म्हणा ना, पूर्वी म्हणायचात तसं. ते जमलं.

यातून फार मोठं काही झालं नाही. उजव्या हाताची मूठ अजूनही मिटत नाही. कुणाच्या हॉलमध्ये ते पुन्हा कधी वाजवायला गेले नाहीत. चष्म्याच्या दुकानाने त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला. लोखंडी कॉट परत गेली एवढंच. आता ते साध्या पलंगावरून आपले आपण उठतात. मावशीची पाळी होती तशीच आहे, आणि कामावरून आल्यावर आता आणखी एक काम वाढलंय. जेवणाआधी तासभर स्टुलावर बसायचं आणि हनुवटी वर झाली की कळ सरकवायची. ही गाणी तिला अजूनही आवडत नाहीत. कुठलं कधी संपतं ते मात्र तिला पाठ झालंय, आणि कधी कधी हनुवटी वर यायच्या आधीच तिचं बोट सरकतं.

परवा लेक सुट्टीला आली होती. दारात उभी राहून तिने दोघांना पाहिलं आणि मोबाइल काढला. "थांबा, मला व्हिडिओ घेऊ दे."

"ते नंतर," मावशी मान न वळवता म्हणाली. "आधी आत जा आणि धुणं वाळत टाक. मला आता उठवत नाही."

लेक बादली घेऊन गच्चीवर गेली. परत येईपर्यंत मावशी स्टुलावरच भिंतीला डोकं टेकून झोपली होती, तोंड जरा उघडं पडलेलं. एकच गाणं चालू होतं. तबकडीवाल्यांनी डावा हात लांब करून आवाज थोडा कमी केला, लेकीला बोटाने गप्प बस म्हणून खुणावलं, आणि सुई शेवटाला आली तेव्हा ती उचलून त्यांनी तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.